आठ सूचना आणि वडिवळ्याची बस

प्रिय रेवा आणि अन्वय,

मागे अन्वयनं फोनवर विचारलं, "आजी, चार दिवस तू फोन का उचलत नव्हतीस?" तेव्हा मी "लोणावळ्याला गेले होते" एवढंच सांगितलं. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. म्हणून आता सगळं ओळीनं लिहिते. मराठी वाचताना अडलात तर आईला विचारा, पण आधी स्वतः प्रयत्न करा.

घोरावाडी स्टेशनजवळच्या आपल्या घरापासून लोणावळा ते किती लांब! तिकडे बर्गनमध्ये तुम्ही आठवड्याच्या सामानाला याहून लांब जात असाल.  तरी निघताना बॅग मी तीनदा भरली आणि तीनदा रिकामी केली.

कारण असं. प्रशांत नावाचा माझा एक जुना विद्यार्थी परिवहनाच्या कामात अधिकारी आहे. आशियातल्या काही देशांत विजेवरच्या बस चालवणारी माणसं लोणावळ्यात जमणार होती. एकाला जे जमलं ते दुसऱ्यानं शिकावं, एक जिथे अडखळला तिथे दुसऱ्यानं अडखळू नये, असा हेतू. त्यांना एक खेड्यातला मार्गही दाखवायचा होता, वडिवळे ते कामशेत. गावकऱ्यांचं बोलणं पाहुण्यांना इंग्रजीत आणि पाहुण्यांचं गावकऱ्यांना मराठीत समजावून सांगायला कुणीतरी हवं होतं. प्रशांत म्हणाला, "बाई, तुमच्याशिवाय दुसरं कोण?" माणूस सत्तरी ओलांडून गेला तरी असल्या वाक्याला फसतो.

वडिवळ्याची बस चाचणीपुरती होती. महिनाअखेर तिची मुदत संपणार होती. पाहुण्यांपैकी एकजण कोणते मार्ग खरोखर चालतात याचा अहवाल लिहिणार होता आणि त्यावर बस राहणार की जाणार हे ठरणार होतं. पूर्वीची डिझेलची गाडी केव्हाच बंद झालेली. ही गेली तर कामशेतला लोकल गाठायला गावानं पुन्हा पायीच निघायचं. शिवाय बस चालवणारी वनिता गावचीच सून. बस गेली की तिची नोकरीही गेली.

हे कळल्यावर मी स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. मी गावासाठी एक सूचनापत्रक तयार केलं. आठ सूचना, ठळक अक्षरांत, प्लॅस्टिकमध्ये मढवून. गाडी आदल्या दिवशी धुवावी. तोरण बांधावं, पण काचेसमोर येऊ देऊ नये. चहा कमी गोड करावा. सहावी सूचना होती, पाहुण्यांना मोकळेपणी बसता यावं, गाडीत गर्दी, टोपल्या, दुधाच्या किटल्या नसाव्यात. सातवी, विनाकारण आवाज करू नये. प्रशांतनं ते पत्रक वडिवळ्याच्या मारुतीच्या देवळाच्या खांबावर लावून घेतलं. त्या पत्रकाचा मला फार अभिमान वाटत होता, हे आत्ताच सांगून ठेवते.

लोणावळा, सोमवार

पाहुणे सात. सगळ्यांची नावं देऊन तुम्हाला गोंधळात टाकत नाही, दोघं लक्षात ठेवा. एक, श्रीलंकेचे बंडारा. उंच, सावळे, हळू बोलणारे. गळ्यात दोरीला अडकवलेलं एक छोटं मोजणीचं यंत्र. बटण दाबलं की टक आवाज होतो आणि आकडा एकानं पुढे सरकतो. अहवाल तेच लिहिणार होते, म्हणून पहिल्यापासून माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे. दुसरी, नेपाळची निर्मला. पन्नाशीची, ठेंगणी, खणखणीत हसणारी. काठमांडूच्या रस्त्यांवर विजेवरचा तीनचाकी टेम्पो तिनं वर्षानुवर्षं चालवला होता, आता ती नव्या बायकांना शिकवते.

सभागृहाच्या खिडकीतून धुक्यात बुडालेली दरी दिसत होती. तुमच्या बर्गनसारखंच, रेवा. ढग थेट खोलीत येऊन खुर्चीवर बसेल असं वाटतं. बैठकीचा नियम मात्र मी जन्मात ऐकला नव्हता. यश कुणी सांगायचं नाही. प्रत्येकानं आपली एक चूक सांगायची.

 आपल्याकडे पाहुणे आले की फुटका कप मागे लपवतात. इथे तर फुटका कपच पुढे करायचा! बंडारा उठले आणि म्हणाले, "आम्ही सुंदर बस आणल्या. पायरी इतकी उंच की म्हाताऱ्या बायका थांब्यावर उभ्या राहायच्या आणि जुन्या गाडीची वाट पाहायच्या. आम्हाला वाटलं, त्यांना विजेची भीती वाटते. त्यांना विचारायला आम्हाला एक वर्ष लागलं." निर्मलानं सांगितलं, की तिनं शिकवलेल्या पहिल्या मुलींना तिनं फक्त सपाटीवर शिकवलं. चढ आला तेव्हा त्या रडल्या आणि ती त्यांना ओरडली. सगळे हसत होते, लिहून घेत होते. प्रशांतची पाळी आली तेव्हा तो चाचरला आणि "आमची चूक आम्ही अजून शोधतोय" म्हणून बसला. मला हायसं वाटलं. आता वाटतं, त्याची चूक तेव्हा मारुतीच्या देवळाच्या खांबावर लटकत होती.

लोणावळा, मंगळवार

सकाळी चार्जिंगची जागा पाहणं, दुपारी बाजार. बाजारात सातही पाहुण्यांना सांभाळताना मी दर पाच मिनिटांनी डोकी मोजत होते. एकदा सहाच भरली, तेव्हा मी मागे धावले. निर्मला चिक्कीच्या दुकानात आत शिरून कढईपाशी उभी होती आणि गूळ कुठल्या पाकावर उतरवतात ते आचाऱ्याला विचारत होती. "आमच्याकडे तीळ आणि चाकूचे लाडू करतात, माघात," ती हिंदीत म्हणाली. चाकू म्हणजे त्यांच्याकडची घट्ट काकवी. आपल्या संक्रांतीचीच ती बहीण. दुकानदारानं तिला एक तुकडा फुकट दिला. मला दिला नाही.

संध्याकाळी मी प्रशांतला विचारलं, "उद्याची सगळी तयारी झाली?"

"झाली बाई. गाव लय उत्साहात आहे."

"पत्रक वाचलं सगळ्यांनी?"

"पाठ केलंय म्हणे."

तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी चार्जिंग पुरेल का, रस्त्यात म्हशी आडव्या येतील का, तिखट जास्त पडेल का याचीच काळजी करत बसले. माणूस चुकीच्या खिडकीशी बसून पहारा करतो, तसं माझं झालं.

वडिवळे, बुधवार

नऊ वाजता कामशेतला बस उभी होती. पांढरी, छोटी, धुऊन लखलखीत. तोरण काचेच्या वर, म्हणजे सूचनेबरहुकूम. दारात वनिता उभी. पस्तिशीची, खाकी सदरा, वेणीत शेवंतीचं एक फूल. हसत होती, पण हात मात्र एकमेकांत घट्ट गुंतवलेले.

आम्ही चढलो. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. ना टोपली, ना किटली. मला इतका आनंद झाला, म्हणून सांगू!

गाडी सुटली तेही कळलं नाही, इतकी आवाज न करता. दोन्ही बाजूंना भातकापणी चालू होती. कापलेल्या भाताचे भारे बांधावर आडवे, आणि इंद्रायणी भाताचा तो वास खिडकीतून आत. निर्मला वनिताच्या मागच्या आसनावर जाऊन बसली. दोघींची हिंदी मोडकी, पण दोन वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेली, त्यामुळे जुळून गेली.

"बहिनी, उतार दिसला की पाय आधीच उचल," निर्मला सांगत होती. "ब्रेक शेवटी. उतारावर गाडी स्वतःच वीज परत घेते. तिला घेऊ दे."

"मी ट्रॅक्टरवर शिकले, दीदी. पाय आपोआप ब्रेकवर जातो."

"मग पायाला सांग, हा ट्रॅक्टर नाही."

पुढच्या उतारावर वनितानं पाय उचलला. समोरच्या पडद्यावर चार्जिंगची रेघ किंचित वर सरकली. वनिता लहान मुलीसारखी "आई गं!" म्हणाली. मी ते वहीत टिपून ठेवलं.

तेवढ्यात माझं लक्ष बंडारांकडे गेलं. ते खिडकीबाहेर पाहत नव्हते. रिकाम्या आसनांकडे पाहत होते. गळ्यातलं यंत्र हातात होतं, अंगठा बटणावर. अख्ख्या रस्त्यात ते एकदाही टक वाजलं नव्हतं.

"ही रोजची वेळ आहे ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"आणि रोज इतकेच लोक?"

मी उत्तर द्यायच्या आत गाव आलं. औक्षण झालं, टोप्या घातल्या गेल्या, नारळ दिले गेले. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर पंगत बसली. वाफाळता भात, आमटी, शेंगदाण्याची चटणी. बंडारांनी भात नुसताच तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाले, "माझी आई असाच चिकट भात करायची." एरवी मी या वाक्यानं सुखावले असते. पण माझ्या डोक्यात त्यांचा मघाचा प्रश्न होता. सरपंचबाई कौतुकानं मला म्हणाल्या, "तुमच्या कागदापरमानं केलं बघा बाई. येकालाबी गाडीत पाय ठेवू दिला न्हाई. पोरी कालिजला चालत गेल्या."

तेव्हा मला समजलं. मी रिकामी गाडी मागितली होती आणि गावानं मला रिकामी गाडी दिली होती. लोक बसमधून जातात का हे बघायला आलेल्या माणसांना, लोक बसमधून जात नाहीत असं आम्ही दाखवत होतो.

परतीच्या वाटेवर ती माणसं आम्हाला भेटली. ओळीनं रस्त्याच्या कडेला. डोक्यावर भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका, दप्तरं सावरणारी मुलं. गाडी दिसली की ती बांधावर सरकून वाट देत होती आणि पाहुण्यांना हात हलवत होती. सर्वांत पुढे एक म्हातारे गृहस्थ, दोन्ही हातांत दुधाच्या किटल्या, सावकाश चाललेले. वनितानं ब्रेक दाबला. पाय उचलायचं विसरली.

"आबा, चढा."

ते तिचे सासरे होते.

"न्हाई. जा तू. पावनं हायती."

"जागा लय हाय, आबा. पाया पडते, चढा."

"आगं, कागदावर लिवलंय, किटली चालनार न्हाई. शाळंतल्या बाईनी लिवलंय, म्हंजी इचार करूनच लिवलं असंल की." त्यांनी किटल्या खाली टेकवून पुन्हा उचलल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"ते काय म्हणतात?" बंडारांनी मला विचारलं.

पोरांनो, इथे माझं काम अगदी सोपं होतं. ऐकलेलं इंग्रजीत सांगायचं. पस्तीस वर्षं मी मुलांना तेच शिकवलं होतं, वाक्य बदलायचं नाही, जसं आहे तसं उतरवायचं. सातही पाहुणे माझ्याकडे बघत होते.

"ते म्हणतात, त्यांना चालायला आवडतं," मी म्हणाले.

बंडारांनी ते लिहून घेतलं. निर्मलानं मात्र मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिला मराठी येत नाही, पण कागद हा शब्द तिला कळला असावा.  वनितानं दार लावलं. तिला इंग्रजी येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पण आबा न चढताच बस निघाली होती, आणि ते कळायला कुठलीच भाषा लागत नव्हती.

लोणावळ्याला परतताना मी डोकी मोजली नाहीत.

संध्याकाळी समारोपाची बैठक. बंडारा त्यांचं टिपण वाचू लागले. वडिवळे मार्ग, गाडी उत्तम, चालक उत्तम, प्रवासी शून्य. "एका वृद्धानं विनंती करूनही बसण्यास नकार दिला. लोकांना चालणं पसंत आहे असं दिसतं." ही बस पुढे चालू ठेवण्याची शिफारस करता येणार नाही, असं ते म्हणणारच होते, तेवढ्यात मी उभी राहिले.  बोलायची माझी पाळी नव्हती, कारण मी कुठल्याच देशाची प्रतिनिधी नव्हते.

"सोमवारचा नियम मलाही लागू आहे का?" मी विचारलं. "असेल तर मला माझी चूक सांगायची आहे. दोन चुका. पहिली मी पत्रकात लिहिली आणि दुसरी दुपारी बोलले."

मग सहावी सूचना शब्दशः सांगितली. आबांचं वाक्यही शब्दशः सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही. खोलीत कुणी हसलं नाही. प्रशांत समोरच्या टेबलाकडे बघत होता. गृहपाठ न केल्यावर तो असाच बाकाकडे बघायचा, आज तो माझ्यासाठी तसा बघत होता.

बंडारांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे आजचा शून्य हा शून्य नाही," ते म्हणाले. "पण मग खरा आकडा कुठला? तुम्ही सांगितलेला मी कसा लिहू?" मग ते म्हणाले, "माझं विमान उद्या संध्याकाळी आहे. पहिली बस किती वाजता?"

"सहाला, वडिवळ्याहून."

"मी येतो. पण गावाला कळता कामा नये. फोन नाही. पत्रक तर नाहीच."

फोन नाही! कुठलीही गोष्ट आधी न कळवता मी आयुष्यात केलेली नाही.

वडिवळे, गुरुवार सकाळ

बंडारा, निर्मला आणि मी प्रशांतच्या गाडीनं पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. मारुतीच्या देवळासमोर बसचा थांबा. सहाला पाच मिनिटं कमी.

थांब्यावर कुणी नव्हतं.

एक कुत्रं होतं, तेही आम्हाला बघून उठून गेलं. मी देवळाच्या खांबावरून माझं पत्रक काढलं. प्लॅस्टिक फाटेना, म्हणून दुमडून पिशवीत कोंबलं. मनात येत होतं, काल सांगितलं म्हणून लोक आजही घाबरले असतील. पहाटेच पायी निघून गेले असतील. बस पाहुण्यांची आहे असंच त्यांना वाटलं असेल. बंडारांनी यंत्र शून्यावर आहे ना, ते पाहून घेतलं.

ग्रामपंचायतीच्या अंगणातून, रात्रभर चार्ज झालेली बस आली. काही आवाज न करता समोर उभीच राहिली. आम्हाला पाहून वनिताचा चेहरा उतरला.

"बाई? आज बी पाहुणे?"

"नाही," मी म्हणाले. "आज आम्ही नाहीच असं समज. रोज करतेस तेच कर."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग चपला काढल्या, देवळात गेली आणि घंटेचा दोर ओढून तीन टोल दिले.

आणि दारं उघडली, पोरांनो! एकामागून एक. कुणी पदरानं तोंड पुसत, कुणी डबा बांधत. कॉलेजच्या मुली ओल्या केसांनी. वराळ्याच्या कारखान्यात कामाला जाणारी दोन पोरं बुटाची नाडी बांधत, एका पायावर उड्या मारत. गल्ल्यांतून माणसं वाहत आली.

"जुनी डिझेलची गाडी वळणावर आली की अख्ख्या गावाला ऐकू जायची," वनिता मला सांगत होती. "ही मुकी. पहिल्या आठवड्यात रिकामीच जायची, लोक घरात वाट बघत बसायचे. मग आबांनीच सुचवलं. काल घंटा वाजवली न्हाई, कागदावर व्हतं ना, आवाज नको म्हणून."

सातवी सूचना. कालच्या कबुलीत मी ती मोजलीच नव्हती.

मी बंडारांना हे इंग्रजीत सांगितलं, तेव्हा ते देवळाच्या घंटेकडे बघत राहिले. "आमच्याकडच्याही बस मुक्या आहेत," ते म्हणाले. "हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही." परवानगी कुणाची घेतली, असं त्यांनी विचारलं. मी ते आबांना विचारलं, कारण तेवढ्यात दोन किटल्या घेऊन ते आलेच होते.

"घंटा मारुतीची, आपली न्हाई," आबा म्हणाले. "पर मारुती कुटं न्हाई म्हनतो?" मग माझ्याकडे वळले. "बाई, आज कागद कुटं हाय?"

"काढून टाकला, आबा."

"मग चढतो."

बंडारांचं यंत्र टकटकत होतं. बाराच्या पुढे मी मोजणं सोडलं, तेही फार वेळ मोजू शकले नाहीत. दोन पाट्या आणि एका आजीच्या मध्ये ते असे अडकले की गळ्यातल्या यंत्रापर्यंत हात पोचेना. निर्मला वनिताच्या मागे उभी होती आणि प्रत्येक उतारावर नुसती "पाय" एवढंच म्हणत होती.

मी दांडीला धरून उभी होते. आबांची किटली माझ्या गुडघ्याला थडथड लागत होती. त्यांना बसायला जागा मिळाली होती, ते उठू लागले.

"बसा बाई, तुमी पावनं."

"नाही आबा," मी म्हणाले. "मी पाहुणी नाही. बसा तुम्ही."

कामशेतपर्यंत मी उभीच होते. साडीवर दुधाचे थेंब उडाले. लोकल धडधडत आली तेव्हा मुली धावत सुटल्या आणि सगळ्या चढल्या. बंडारांनी टिपणवही उघडली, 'चालणं पसंत आहे' या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि वही माझ्यासमोर धरली, शिक्षकाला दुरुस्ती दाखवावी तशी.

तरी महिनाअखेरपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. अहवाल एकाकडे जातो, निर्णय दुसरा घेतो. प्रशांतला मी रोज विचारत होते, तो रोज "कळलं की सांगतो बाई" म्हणत होता. शेवटच्या दोन दिवसांत त्यानंही फोन उचलला नाही. तुमच्या आईला वाटलं, माझा रक्तदाब वाढलाय. वाढलाच होता.

नव्या महिन्याच्या एक तारखेला सकाळी सहाला मी चहाचं आधण ठेवलं होतं. फोन वाजला. वनिताचं नाव. मी "हॅलो, हॅलो" करत होते, पलीकडून कुणी बोलत नव्हतं. नुसती कोंबड्याची बांग आणि वारा. फोन चुकून लागला असावा, असं वाटून मी ठेवणार होते.

तेवढ्यात घंटेचे टोल ऐकू आले. एक, दोन, तीन.

मग दारं, चपला, कुणाची तरी हाक, आणि सगळ्यांच्या वर वनिताचा आवाज, "ठेवते बाई. गाडी भरलीया."